गोन्सालोच्या आईला नाव द्यावं का?

वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चांमधून फिरताना एक गोष्ट हमखास कानावर येते. इथला मुलगा जपानला गेला, नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मेला आणि पुढे संत झाला. संत गोन्सालो गार्सिया यांचं नाव वसईत महाविद्यालयाला आहे, चर्चला आहे. गोष्ट मात्र बहुतेक वेळा नागासाकीलाच संपते. खरं तर तिथून ती ब्राझीलपर्यंत जाते, आणि तिथे तिचा अर्थच बदलतो. या विषयावर कादंबरी लिहायला घेतलेली एक लेखिका आणि तिला शाळेत इतिहास शिकवलेले निवृत्त शिक्षक यांच्यातला हा वाद. दोघंही वसईचे, दोघांच्याही घरी सामवेदी बोली. ती ख्रिस्ती, ते ब्राह्मण. दोन्ही पात्रं कल्पित आहेत. ज्या सनांवर आणि घटनांवर ती भांडतात, त्या कल्पित नाहीत.

सर : तुझी रूपरेषा वाचली. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर ‘तीन खंडांचं सांस्कृतिक नातं’ असं लिहिलंयस, तिथेच माझा तुझ्याशी वाद सुरू होतो. नातं दोघांच्या मर्जीने होतं. इथे मर्जी कुणाची होती? 1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशाहाने मोगलांच्या धाकाने वसई पोर्तुगीजांना लिहून दिली. वसईकरांना कुणी विचारलं नाही. पुढे 205 वर्षं फिरंग्यांचा अंमल राहिला. देवळं पडली, मंडपेश्वरच्या शैव लेण्यात चर्च आलं, 1560 पासून गोव्याच्या इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, छाया इथवर पडली. आफ्रिकेतून, मोझांबिकच्या किनाऱ्यावरून, गुलाम करून आणलेली माणसं पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातल्या शहरांत राबत होती. हे सगळं एका गोड नावाखाली झाकलं जाईल, अशी मला भीती वाटते.

लेखिका : झाकणार नाही, सर. ज्या घरात मी वाढले त्या घराचा धर्मच त्या 205 वर्षांतला आहे. माझे पूर्वज श्रद्धेने ख्रिस्ती झाले, जमिनीसाठी झाले की भीतीने, हे मला कुणीच सांगू शकत नाही. पण तुमची आणि माझी बोली एक आहे. म्हणजे कधीतरी एकाच वस्तीतून आपण दोन दारांनी बाहेर पडलो. जबरदस्ती झाली हे मान्य करूनच मला पुढचं विचारायचं आहे. जे घडलं ते घडल्यावर माणसांनी आपल्या हाताने काय उभं केलं?

सर : विचार ना. पण त्या उत्तरातलं कागदांत किती आणि तुझ्या मनात किती, हे आधी वेगळं कर. गोन्सालोबद्दल पक्कं काय आहे ते सांग.

लेखिका : जन्म वसईत, 1556 च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई इथली. शिक्षण वसईतल्या जेझुइटांकडे. पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी शिकला, धर्मशिक्षक म्हणून काम केलं. जेझुइट संघात घेतील अशी आस होती, पण घेतलं नाही. मग व्यापारात पडला, पैसा मिळवला, आणि मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला, धर्मगुरू नव्हे. 1593 मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कनाला वकील म्हणून जपानचा राज्यकर्ता हिदेयोशी याच्याकडे पाठवलं, तेव्हा त्याच्याबरोबर दुभाष्या म्हणून गेला तो हा वसईचा गोन्सालो. क्योटोत त्यांनी मठ आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभं केलं. 1596 च्या अखेरीस धरपकड झाली. क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली, भर थंडीत नागासाकीपर्यंत पायी नेलं, आणि 5 फेब्रुवारी 1597 ला निशिझाका टेकडीवर 26 जणांना क्रुसावर चढवलं. त्यांत स्पॅनिश होते, सहा फ्रान्सिस्कनांपैकी एक मेक्सिकोत जन्मलेला फेलिपे होता, एक आपला गोन्सालो, आणि बाकीचे वीस जपानी होते. सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा.

सर : चांगलं. आता यात तुझा पाय कुठे घसरेल ते सांगतो. पहिली जागा म्हणजे जेझुइटांचा नकार. आशियात जन्मलेल्या मिश्र वंशाच्या मुलांना संघात घ्यायला ते नाखूश असत, हे खरं. पण कादंबरीत कुणीतरी त्याच्या तोंडावर ‘तुझी आई काळी म्हणून’ असं बोलतो, हा प्रसंग तू रंगवलायस. वाचक तो इतिहास म्हणून घरी घेऊन जाईल.

लेखिका : त्याला नकार आला आणि तो आयुष्यभर तिथे अडकून न राहता दुसऱ्या वाटेने गेला, एवढं कागदात आहे. मधली रात्र कागदात नाही. ती मी लिहायची नाही तर कुणी लिहायची?

सर : रात्र लिही. पण दुसऱ्याच्या तोंडी निकाल घालू नकोस. तो स्वतः काय काय शंका घेत पडला असेल ते लिही. शंका घेणाऱ्या माणसावर खोटेपणाचा आरोप होत नाही. दुसरी घसरण हिदेयोशीची. त्याला तू क्रूर राजा करून टाकलंस. 1587 मध्येच त्याने पाद्र्यांना देश सोडायचा हुकूम काढला होता, आणि त्याच वेळी पोर्तुगीज व्यापारी जपानी माणसं विकत घेऊन बाहेर नेतात याचा जाब विचारला होता. त्याच्या बाजूने बघ. दर्यावर्दी परके येतात, धर्म सांगतात, माणसं विकत घेतात. 1596 मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यावर फुटलं, माल जप्त झाला, आणि स्पेनचा राजा आधी पाद्री पाठवतो मग फौज, असं त्या जहाजावरचा कुणी बोलल्याची हकीकत पसरली. त्या हकिकतीवरून फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पुढे कित्येक वर्षं एकमेकांना दोष देत राहिले. वसईत जे घडलं होतं ते जपानात घडू नये, असं एखाद्या राज्यकर्त्याला वाटलं तर ते समजण्यासारखं आहे.

लेखिका : म्हणजे माझा नायक ज्या टोळीबरोबर मेला, ती टोळी आक्रमणाची आघाडी होती असं मी लिहायचं?

सर : नाही. हिदेयोशीला तसं वाटायला जागा होती, एवढं लिहायचं. आणि ज्यांना क्रुसावर चढवलं त्यांनी कुष्ठरोग्यांच्या जखमा धुतल्या होत्या, हेही लिहायचं. दोन्ही खरं आहे. एका पानावर दोन्ही मावत नसेल तर पान मोठं कर.

लेखिका : हे मी घेते. पण आता माझं ऐका. तुम्ही ज्या कसोटीने मला तपासताय त्या कसोटीवर कादंबरी लिहिताच येणार नाही. शूसाकू एन्दो यांनी 1966 साली ‘चिन्मोकू’ लिहिली, ‘सायलेन्स’ या नावाने जगभर गेली ती. जपानातल्या छळाच्या काळातली आहे. फेरेइरा हा धर्म सोडलेला पोर्तुगीज पाद्री त्यांनी खऱ्या नावाने ठेवला. पण ज्याच्या मनात आपण शिरतो तो नायक, त्याचा ऐतिहासिक आधार ज्युझेप्पे कियारा असूनही, त्याला वेगळं नाव दिलं, रोद्रिगेस. आतलं मन कल्पनेचं आहे, हे वाचकाला सांगायची ही एक पद्धतच झाली. आपल्याकडेही 1871 मध्ये गुंजीकरांनी ‘मोचनगड’ लिहिताना गड कल्पनेतला घेतला आणि शिवाजी महाराजांचा काळ खरा ठेवला. म्हणजे मराठी ऐतिहासिक कादंबरी जन्मली तीच ही सीमा पाळून.

सर : मग गोन्सालोला दुसरं नाव दे. मी लगेच गप्प बसतो.

लेखिका : ते करता येणार नाही, कारण ब्राझीलमध्ये जे घडलं ते याच नावामुळे घडलं.

सर : तिकडे ये. मला त्या भागाबद्दलच सर्वांत जास्त शंका आहे.

लेखिका : 1627 मध्ये पोपनी या 26 जणांना ‘धन्य’ घोषित केलं. संतपद मिळालं ते 1862 मध्ये, पोप नववे पायस यांच्या हातून. या दोन तारखांच्या मधे, 1745 साली, ब्राझीलच्या पेर्नाम्बुको प्रांतातल्या रेसिफे शहरात गोन्सालोच्या नावाने मोठा उत्सव झाला. तो भरवला ‘पार्दो’ म्हणवणाऱ्या लोकांनी, म्हणजे मिश्र वंशाच्या, सावळ्या रंगाच्या माणसांनी. पोर्तुगीज साम्राज्यात ‘रक्तशुद्धी’ पाहिली जायची. अनेक पदं, अनेक धर्मसंघ त्यांना बंद होते. त्यांनी शोधून काढलं की वेदीवर चढलेला एक जण आपल्या रंगाचा आहे, कारण त्याची आई हिंदुस्थानातली, वसईची होती. गोऱ्यांकडून हरकत आली की आई आफ्रिकेची नसेल तर हा पार्दो कसला. मग फ्रेई आंतोनियो द सांता मारिया जाबोआतांव या फ्रान्सिस्कनाने चर्चमध्ये उभं राहून मोठं प्रवचन दिलं आणि इतिहास, भूगोल, वंशावळ असं सगळं मांडून सिद्ध केलं की हा धन्य पुरुष त्यांच्याच रंगाचा आहे. ते प्रवचन 1751 मध्ये लिस्बनमध्ये छापलं गेलं. रिओ द जानेरोमध्ये आजही गोन्सालोच्या नावाचं चर्च आहे.

सर : आणि 1745 मध्ये वसईत पोर्तुगीज नव्हतेच.

लेखिका : हो! सहा वर्षांपूर्वी, 1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली होती. ज्या गावावर पोर्तुगालचा हक्क संपला, त्या गावातल्या एका बाईच्या रंगावरून पोर्तुगालच्याच दुसऱ्या वसाहतीतली माणसं मान वर करत होती. सर, तुम्ही मघाशी मर्जीचं विचारलंत. बहादूरशाहाचा तह मर्जीचा नव्हता. गुलामांची जहाजं मर्जीची नव्हती. पण रेसिफेच्या माणसांनी वसईकडे हात केला तो कुणाच्या हुकमाने नाही. त्यांना अपमानातून बाहेर पडायचं होतं आणि त्यांना आपल्यातली एक आई सापडली. याला मी नातं म्हणते.

सर : मी हे मोडून काढणार नाही. पण पूर्ण करतो. रेसिफे गुलामगिरीवर उभं होतं. आजूबाजूला उसाचे मळे, साखरेचे कारखाने, त्यांत आफ्रिकेतून आणलेली माणसं. पार्दोंपैकी पुष्कळांना स्वतःला त्या काळ्या गुलामांपासून वेगळं दाखवायचं होतं. ‘आम्ही तुमच्याजवळचे, त्यांच्यासारखे नव्हे,’ हा सूरही त्या उत्सवात होता. म्हणजे वसईच्या आईचा उपयोग एका पायरीवरच्या माणसांनी वर चढायला केला, आणि खालची पायरी तिथेच राहिली. तुझ्या कादंबरीत रेसिफेची मिरवणूक आहे. ती मिरवणूक बघणारी, साखळीतली एखादी बाई आहे का?

लेखिका : नाही. आता येईल.

सर : येऊ दे. आणि आपल्याकडचंही लिही. वसई जिंकल्यावर चर्चच्या घंटा मराठ्यांनी काढून नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर 1721 हा सन आहे. वाईजवळ मेणवलीला, नसरापूरच्या बनेश्वराला तशाच घंटा आहेत. मी लहानपणी त्या विजयाची खूण म्हणून ऐकल्या आणि मला अभिमान वाटला. अजूनही वाटतो. पण मंडपेश्वराच्या लेण्यातलं चर्च बघून मला जे वाटतं, तेच तुझ्या आजीला ती घंटा बघून वाटू शकतं, हे मी नाकारणार नाही. एकाच बाजूचा हिशेब लिहिणारी कादंबरी आपल्या वसईत नको.

लेखिका : आजीला तुमच्याइतका इतिहास ठाऊक नव्हता. चिमाजीअप्पांशी झालेल्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना धर्म पाळायची मोकळीक होती, म्हणून आम्ही इथे आहोत, एवढं मात्र घरात सांगितलं जायचं. फौज आणि साहेब गेले, शेत धरून बसलेले राहिले. मला या राहिलेल्यांची कादंबरी लिहायची आहे. म्हणून मी ती गोन्सालोच्या आईपासून सुरू करते. मुलगा जगभर फिरला. ती इथेच राहिली.

सर : आणि तिथेच आपलं खरं भांडण आहे. प्रचलित चरित्रांत त्या बाईचं नाव येत नाही. तू मात्र तिला नाव दिलंस, कूळ दिलंस, आगाशीला माहेर दिलंस, एका पोर्तुगीज शिपायावर तिचं प्रेम बसवलंस. प्रेम कशावरून? अफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतल्यापासून शिपायांची लग्नं इथल्या बायकांशी लावून देणं हे पोर्तुगीजांचं धोरण होतं. धोरणाने झालेल्या लग्नात प्रेम नसतंच असं नाही, पण ते आहे असं गृहीत धरलं की सगळी जबरदस्ती पुसली जाते. आणि नावाचं म्हणशील तर, आपल्या भागात नाव सांगितलं की जात कळते. तिला तू वाडवळ केलंस तर कोळी विचारतील, कोळी केलंस तर भंडारी विचारतील, सामवेदी केलंस तर मी आणि तू दोघंही मनातून खूश होऊ. म्हणजे चारशे वर्षांनी तिच्यावर पुन्हा कुणीतरी मालकी सांगितली, असंच झालं.

लेखिका : पण सर, तीनशे पानं मी तिला ‘ती बाई’ म्हणू? विहिरीवर तिला कुणीतरी हाक मारतच असेल. आईने काही नाव ठेवलंच असेल. बाप्तिस्म्यानंतर पाद्र्याने दुसरं ठेवलं असेल. नाव न देणं म्हणजे कागद लिहिणाऱ्यांनी तिला जसं गाळलं, तसंच मीही गाळायचं. तुम्हाला ते प्रामाणिक वाटतं. मला तो दुसऱ्यांदा केलेला अन्याय वाटतो.

सर : कागदातली पोकळी भरून टाकली की ती कुणी केली हे विसरायला होतं. ती दिसत राहिली पाहिजे. वाचकाला प्रत्येक पानावर टोचलं पाहिजे की या बाईचं नाव कुणालाच लिहून ठेवावंसं वाटलं नाही, पण तिच्या रंगावर लिस्बनमध्ये पुस्तक छापलं गेलं.

लेखिका : थांबा. एक वाट आहे. तिलाच बोलायला लावते. ‘मी’ म्हणून. माणूस स्वतःला नावाने हाक मारत नाही. नवरा ‘अगं’ म्हणेल, मुलगा ‘आई’ म्हणेल, पाद्री ‘मुली’ म्हणेल, शेजारीण ‘गोन्सालोची आई’ म्हणेल. नाव आहे, तिला ते ठाऊक आहे, आणि ते ती आपल्याला सांगत नाही. पोकळीही राहते आणि माणूसही उभं राहतं.

सर : हं. आणि जात?

लेखिका : शेत, पाणी, भात, मासे, पाऊस हे सगळं येईल. वसईतल्या प्रत्येक घराला ते आपलं वाटेल. कुणाच्याही एकट्याच्या मालकीचं होणार नाही.

सर : ती कोणत्या बोलीत बोलेल? सोळाव्या शतकातली वसईची बोली आपल्याजवळ नाही.

लेखिका : आजच्या मराठीत बोलेल. जुनं दिसावं म्हणून खोटी बोली बनवणार नाही. 1616 मध्ये छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ फादर स्टीफन्सनी ओवीत रचलं, ते इथल्या माणसाच्या कानाला ओळखीचं वाटावं म्हणून. मलाही माझ्या वाचकाच्या कानाचा विचार करायला हवा.

सर : मान्य. पण मग तिला नागासाकी कळणार नाही. मुलाच्या मृत्यूची बातमी वसईला यायला जहाजांचे दोन-तीन पावसाळे जातील; तोवर ती जिवंत होती की नाही हेही तू ठरवायचं नाहीस. रेसिफे तर तिच्यानंतर दीडशे वर्षांनी. ती हे सगळं स्वर्गातून बघते, असलं काही करू नकोस.

लेखिका : नाही करणार. तिचा आवाज वसईपुरता. जपानचा भाग दुभाष्याचा, दोन भाषांच्या मधे उभं राहून दुसऱ्यांचे शब्द वाहणाऱ्याचा. रेसिफेचा भाग एका पार्दो कारागिराचा आणि तुम्ही सांगितलेल्या त्या साखळीतल्या बाईचा. हे चौघं एकमेकांना कधीच भेटत नाहीत. पुस्तकाच्या शेवटी दोन पानं देईन: कागदात काय आहे आणि मी काय रचलं.

सर : ती दोन पानं मी तपासणार. आणि एक अट राहिली. आपल्याकडे त्याला पहिला भारतीय संत म्हणायची रीत आहे. लोकांचा जीव त्यात आहे, मी त्याला धक्का लावणार नाही. पण आईला संताची आई म्हणून लिहू नकोस. मुलगा घरातून गेला तेव्हा तो पंधरा वर्षांचा पोरगा होता. त्याला नेणाऱ्यांचा तिला राग आला असेल. पहिल्या देवाची तिला आठवण येत असेल. ती कधी मनापासून ख्रिस्ती झालीच नसेल, किंवा सगळ्या गावात तीच एकटी मनापासून झाली असेल. या सगळ्या शक्यता उघड्या ठेव. तिला पवित्र केलंस की तिचं तोंड पुन्हा बंद झालं.

लेखिका : माझ्या गावात काहींना हे आवडणार नाही. तुमच्याही गावात काहींना ती मनापासून ख्रिस्ती झाली असेल हे वाक्य सहन होणार नाही. दोन्हीकडचा राग मी घेईन. चर्चने तिच्या मुलाला संत केलं, रेसिफेने तिच्या रंगाला मान दिला, मराठ्यांनी तिचं गाव सोडवलं. तिला काय हवं होतं हे मात्र एकानेही विचारलं नाही. कादंबरीला एवढं एकच विचारता येतं, आणि ते विचारायचं नसेल तर तीन खंड फिरून यायचं कारणच नाही.